फवारा मारला की मुंग्या वाढतात, त्या का आणि मग करायचं काय

प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणीतलं दहा-बारा वर्षांपूर्वीचं घर, खाली शहाबादी फरशी. ओट्यामागून आणि देवघराच्या कोपऱ्यातून बारीक तांबूस मुंग्यांची रांग निघते. खडूच्या रेघा ओढल्या, स्प्रे मारला, हळद टाकली. दोन दिवस बरे गेले, मग त्याच मुंग्या झोपण्याच्या खोलीत आणि स्विचबोर्डातही दिसू लागल्या. शिवाय कूलरखाली काळ्या मुंग्या सैरावैरा पळतात आणि अंगणात लाल मुंग्या कडकडून चावतात. घरात रांगतं मूल आहे, त्यामुळे जहाल औषध नको.

वर्णनावरून या तीन वेगळ्या जाती आहेत आणि तिघींचा इलाज वेगळा आहे. पण पहिलं काम एकच: ओट्यापाशी आणि देवघरात स्प्रे आणि खडू आजपासून बंद. तुमच्याकडे मुंग्या खोल्याखोल्यांत पसरल्या त्या बहुधा त्यामुळेच.

आधी ओळख पटवा. पारदर्शक चिकटपट्टीने चार-पाच मुंग्या उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवा आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठ्या करून बघा. शेजारी मोजपट्टी ठेवलीत तर उत्तम. लांबी किती, सगळ्या एकाच मापाच्या आहेत की लहानमोठ्या, छाती आणि पोट यांच्यामधल्या देठावर एक गाठ की दोन, आणि चालताना रांग धरतात की नाही, एवढं कळलं तरी पुरतं.

आधी ओट्यामागच्या बारीक मुंग्या बघू, त्यांच्या तीन शक्यता आहेत. साधारण २ मिलिमीटर, फिकट पिवळी ते तांबूस, पोटाचं टोक थोडं गडद, देठावर दोन गाठी आणि सगळ्या एकसारख्या मापाच्या असतील, तर ती फॅरो मुंगी. ओट्याच्या फरशीमागे, फ्रिजच्या मोटरपाशी, विजेच्या पाइपात, म्हणजे जिथे ऊब आणि ओल दोन्ही मिळते तिथे ती राहते. अंग पिवळसर-तपकिरी पण पोट स्पष्ट गडद, आणि एकाच रांगेत काही लहान तर काही जवळजवळ दुप्पट मोठ्या असतील, तर ती सिंगापूर मुंगी. वायरीचं प्लॅस्टिक कुरतडते ती ही. स्विचबोर्डात निघाल्या म्हणता, तेव्हा हा फरक नीट बघून घ्या. तिसरी शक्यता भूत मुंगीची. ती जेमतेम दीड मिलिमीटरची असते, डोकं आणि छाती काळपट, पोट आणि पाय इतके फिकट की पांढऱ्या फरशीवर अर्धी मुंगी दिसतच नाही. बोटाने चिरडली तर खवट खोबऱ्यासारखा वास येतो.

या तिघींचा घरातला इलाज जवळपास सारखाच आहे, कारण तिघींच्या वस्तीत राण्या अनेक असतात. फवाऱ्याचं गणित इथेच चुकतं. रांगेत दिसतात त्या सगळ्या कामकरी मुंग्या, आणि त्यासुद्धा वस्तीतल्या थोड्याच. राण्या, अंडी, अळ्या आणि उरलेल्या कामकरी भिंतीच्या आत असतात. रांगेवरच्या शंभर मेल्या तर आतून दुसऱ्या शंभर निघतात. फॅरो मुंगीच्या बाबतीत प्रकरण आणखी बिघडतं. खडूत आणि बहुतेक घरगुती स्प्रेत सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं औषध असतं, मुंगीला ते जाणवतं आणि ती त्यापासून पळते. वस्तीला धोका वाटला की काही कामकरी अंडी-अळ्या तोंडात धरून, एखादी राणी सोबत घेऊन, दुसऱ्या फटीत नवं बिऱ्हाड थाटतात. राणी नसली तरी सोबतच्या अळ्यांमधून नवी राणी वाढवता येते. एका वस्तीच्या चार होतात त्या अशा.

म्हणून रांग मोडायची नाही, तिचा उपयोग करायचा. ती रांग थेट राणीपर्यंत जाते. हळू काम करणारं विष खाण्यातून तिच्या हाती दिलं की ते ती स्वतः आत पोचवते. एक मुंगी पोटात भरून नेलेलं द्रव दुसरीच्या तोंडात देते, ती तिसरीच्या. पूर्ण वाढलेल्या मुंगीला घन अन्न गिळता येत नाही, कण अळ्यांना भरवावे लागतात आणि अळ्या ते पचवून पातळ करतात. त्यामुळे गोड पाणी कामकऱ्यांमार्फत पसरतं, तर कूट-अंड्यासारखं खाणं अळ्यांमार्फत राणीपर्यंत जातं. दोन्ही वाटा वापराव्या लागतात.

विष म्हणून घरगुती वापराला बोरिक अॅसिड सगळ्यात सोयीचं. मेडिकलमध्ये बोरिक पावडर म्हणून मिळतं. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती पावडरही पुष्कळदा हीच असते, पण काही डब्यांत नुसता स्टार्च भरलेला असतो, तेव्हा डब्यावरचा घटक वाचूनच घ्या. काष्ठौषधींच्या दुकानात टाकणखार मिळतो, तो म्हणजे बोरॅक्स. तोही चालतो, फक्त त्यात बोरॉन कमी असल्यामुळे दीडपट घ्यावा लागतो, आणि लाही केलेला नाही तर कच्चा, बारीक कुटलेला घ्यायचा. लाही केलेल्यातलं पाणी उडालेलं असतं, माप चुकतं. शेती असेल तर कपाशीवर किंवा फळबागेवर फवारायला आणलेली ‘बोरॉन २० टक्के’ पावडर घरात असेल. तीही बोरॉनचाच क्षार आहे, पाण्यात लवकर विरघळते आणि बोरिक अॅसिडपेक्षा थोडी कमी लागते.

गोड आमिषाचं प्रमाण असं: १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम साखर आणि १ ग्रॅम बोरिक अॅसिड. टाकणखार असेल तर दीड ग्रॅम, बोरॉन २० टक्के असेल तर ०.८ ते ०.९ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १ ग्रॅम नीट मोजता येत नाही, म्हणून चौपट बनवणं सोपं जातं. खोकल्याच्या औषधासोबत येतो त्या ५ मिलिच्या चमच्याने सपाट एक चमचा बोरिक पावडर म्हणजे साधारण ४ ग्रॅम. तेवढी ४०० मिलि कोमट पाण्यात आधी पूर्ण विरघळवा, मग ४० ग्रॅम साखर घाला आणि गार करा. तळाशी पांढरे कण दिसत असतील तर ढवळणं कमी पडलं. लागेल तेवढं वापरून उरलेलं बाटलीत भरा, बाटलीवर ठळक ‘विष’ लिहा आणि कुलपात ठेवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत त्याला आंबूस वास येतो, मग ओतून टाका आणि नवं करा. साखरेऐवजी गूळ चालतो, पण तो आणखी लवकर आंबतो.

औषध जास्त घातलं म्हणजे काम लवकर होईल, ही समजूत बहुतेक फसलेल्या आमिषांच्या मुळाशी असते. प्रमाण तिप्पट-चौपट झालं तर काही मुंग्या ते तोंडाला लावत नाहीत आणि लावणाऱ्या वाटेतच मरतात. आमिषाशेजारी मेलेल्या मुंग्यांचा सडा दिसला तर आनंद मानू नका, तेवढंच पाणी घालून पातळ करा. खाणारी मुंगी दोन-तीन दिवस धडधाकट फिरली पाहिजे, तरच ती दहा जणींना वाटते.

मराठवाड्याच्या उन्हात एक जादा अडचण येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असताना झाकणातलं पाणी दुपारपर्यंत उडून जातं, औषध मात्र तिथेच राहतं. सकाळी १ टक्का असलेलं संध्याकाळी ३ टक्के होतं आणि मुंग्या पाठ फिरवतात. आमिष ‘चालत नाही’ अशी तक्रार उन्हाळ्यात जास्त येते ती यामुळे. या दिवसांत आमिष रोज संध्याकाळी बदला. फॅरो मुंग्या रात्रीही भरपूर फिरतात, त्यामुळे काही वाया जात नाही.

ठेवायचं कसं? रांगतं मूल असलेल्या घरात उघड्या झाकणात काहीही ठेवू नका. गोळ्यांची छोटी प्लॅस्टिकची डबी घ्या, तापवलेल्या सुईने तिच्या बाजूला वरच्या अंगाला २-३ मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडा, आत कापसाचा बोळा ठेवून आमिषाने भिजवा आणि झाकण चिकटपट्टीने पक्कं बंद करा. कापूस भिजलेला हवा, पण खाली पाणी साचायला नको. पातळ द्रव उघडं दिसलं की मुंग्या त्यावर माती-कचरा आणून टाकतात आणि मग कोणीच खात नाही. डबी दुहेरी टेपने ओट्याच्या खालच्या बाजूला, सिलिंडरच्या मागच्या भिंतीवर, देवघराच्या वर, म्हणजे मुलाच्या हाताबाहेर चिकटवा. अरुंद फटीपाशी शहाळ्यासोबत पूर्वी मिळायची तसली प्लॅस्टिकची नळी दोन इंच कापून, आत कापूस खुपसून बसवता येते, पण तीही उंचावरच. रांगेपासून चार बोटांवर डबी असावी, रांगेच्या मध्ये नाही. एका स्वयंपाकघराला अशा सहा ते आठ जागा लागतात. एकच मोठी वाटी ठेवून चालत नाही, कारण बिऱ्हाडं अनेक असतात.

दुसरं आमिष कुटाचं. भाजलेल्या शेंगदाण्यांचा अगदी बारीक कूट २० ग्रॅम, त्यात १ ग्रॅम बोरिक, चिमूटभर गूळ आणि गोळा होण्यापुरतं शेंगदाणा किंवा करडईचं तेल. इथे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास जातं ते ठीक आहे, कारण मुंगी त्याचे कण थोडे थोडेच नेते. हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून तशाच डब्यांत ठेवा. तेलाला खवट वास आला की बदला.

कोणतं आमिष आधी लावायचं हे मुंग्यांनाच विचारा. रात्री नऊच्या सुमारास पुठ्ठ्याच्या तुकड्यावर साखरपाण्याचा थेंब, चिमूटभर कूट आणि उकडलेल्या अंड्याचा कण किंवा थोडा खवा अंतरावर ठेवा, औषध न घालता. तासाभराने बघा. वस्तीत अळ्या भरपूर असतील तेव्हा कुटाकडे आणि अंड्याकडे गर्दी होते, एरवी गोडाकडे. त्याच घरात ही आवड पंधरा दिवसांत बदलते, म्हणून गर्दी ओसरली तर आमिष संपलं असं न समजता दुसरं लावून बघा.

आमिषाला स्पर्धा नको. गुळाची ढेप उघडी, साखरेच्या डब्याचं झाकण सैल, मोरीत रात्रभर खरकटी भांडी, कुत्र्याच्या ताटलीत उरलेली भाकरी, असं असेल तर तुमच्या १० टक्के साखरेकडे कोण येईल? आमिष लावण्याच्या तीन-चार दिवसांत एवढं सांभाळा. देवापुढचा नैवेद्य आणि प्रसादाची वाटीही आरती झाली की उचलायची. ज्या फरशीवर नुकताच स्प्रे मारला आहे ती आधी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसा, नाहीतर मुंग्या आमिषापर्यंत पोचणारच नाहीत.

पहिल्या दिवशी मुंग्या वाढतील, आणि त्या वाढायलाच हव्यात. आमिषावर काळी-तांबडी गर्दी बघून घरातलं कोणीतरी कपड्याने पुसायला धावतं, त्यांना आधीच सांगून ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रांग विरळ होते. भूत मुंगीची छोटी वस्ती दहा-पंधरा दिवसांत संपू शकते. फॅरो मुंगीला मात्र दम धरावा लागतो, कारण अंड्यापासून कामकरी मुंगी तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. आज कोषात असलेल्यांना काही खायचंच नसतं, त्या विषापासून सुटतात आणि नंतर बाहेर पडतात. मुंग्या दिसेनाशा झाल्यावरही आणखी तीन आठवडे डब्या भरत राहायच्या. ‘महिन्याने परत आल्या’ असं म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पंधराव्या दिवशी डब्या उचललेल्या असतात.

बाजारातली तयार मुंग्यांची जेलही चांगली, पण पॅकवर मुंगीसाठी असं लिहिलेलं असेल तरच. झुरळांची जेल मुंग्यांना लावू नका. त्यातलं औषध झुरळाच्या हिशेबाचं तीव्र असतं, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड २.१५ टक्के. मुंगी तिथल्या तिथे मरते आणि राणीपर्यंत काही पोचत नाही.

स्विचबोर्डात काहीही फवारायचं नाही. स्प्रेच्या डब्यातला वायू पेट घेणारा असतो, आणि ओल्या फवाऱ्याने शॉर्ट होतो ते वेगळंच. मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या, कुरतडलेली वायर असेल तर बदला. कोरडी बोरिक पावडर आतल्या पेटीच्या तळाशी नुसती धुरळ्याइतकी पसरवायची, ढीग दिसला तर मुंगी त्याला वळसा घालून जाते. पण हे आमिषाचे तीन-चार आठवडे झाल्यावर. आधी पावडर टाकली तर तिथलं बिऱ्हाड भिंतीत आणखी आत सरकतं. बोर्डाच्या बाहेर, वरच्या कडेशी आमिषाची डबी मात्र पहिल्याच दिवशी लावा. शेवटी पाइपाचं तोंड सिलिकॉनने बंद करून घ्यायचं.

आता कूलरखालच्या काळ्या. लांब पाय, डोक्यापेक्षा कितीतरी लांब मिशा, करडी-काळी, साधारण अडीच-तीन मिलिमीटर, आणि सरळ रेषेत चालणं माहीतच नाही. ही वेडी मुंगी. ती सहसा भिंतीत राहत नाही, ओलीजवळ राहते: कूलरच्या गवती जाळीत, कुंडीखाली, माठाच्या तिवईखाली, न्हाणीच्या बाहेर रचलेल्या विटांमध्ये. आपल्याकडे वैशाखात मुंग्या घरात येतात त्या साखरेपेक्षा पाण्यासाठी जास्त. कूलरचं ठिबकणं बंद करा, गवताची जाळी काढून उन्हात झटका, कुंड्या जोत्यापासून हातभर लांब आणि विटांवर उंच ठेवा. हलवताना खाली पांढऱ्या अंड्यांचा ढीग दिसला तर तिथेच साबणाचं पाणी ओता, लिटरभर पाण्याला भांडी घासायच्या लिक्विडचा एक चमचा. या मुंगीचं घरटं उथळ असल्यामुळे इथे थेट मारणं चालतं. ती वारंवार जागा बदलते, म्हणून आठवड्यातून एकदा कुंड्या उचलून बघायच्या. गोड आमिष ती खाते, पण नुसत्या आमिषावर विसंबू नका.

अंगणातल्या लाल मुंग्या म्हणजे बहुधा आग मुंग्या. तांबूस-तपकिरी, ३ ते ५ मिलिमीटर, त्यांत काहींची डोकी चौकोनी आणि शरीराच्या मानाने फारच मोठी. भुसभुशीत मातीचा पसरट ढीग असतो, त्याला काडी लावली की क्षणात बाहेर येतात. ती जबड्याने पकडते आणि पोटाच्या टोकाच्या नांगीने डंख मारते, म्हणून आग होते आणि दुसऱ्या दिवशी छोटा फोड दिसतो. फोड फोडू नका, साबणाने धुऊन थंड पाण्याची पट्टी ठेवा. डंखानंतर अंगभर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, श्वास लागला किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

वारुळाला उकळतं पाणी हा साधा उपाय आहे आणि काम करतो, पण एका तांब्याने नाही. आठ-दहा लिटर लागतं. थंडीच्या किंवा पावसाळी दिवसांत सकाळी ऊन ढिगावर आलं की अळ्या आणि राणी उबेला वर येतात, ती वेळ गाठा. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा इतक्या खोल असतात की ओतलेलं पाणी बाजूने निघून जातं, म्हणून आधी ढिगाभोवतीच्या भेगा मातीने बुजवा आणि मग हळूहळू ओता. तीन-चार दिवसांनी परत. झाडाच्या बुंध्याशी वारूळ असेल तर गरम पाणी नको, मुळं भाजतात. तिथे कुटाचं आमिष डबीत घालून ठेवा, आग मुंगीला तेलकट खाणं आवडतं.

मोठे काळे मुंगळे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, रात्री साखरेवर येतात तेही याच सुमारास दिसतील. त्यांना नांगी नसते, चावा जोराचा असतो एवढंच. त्यांचं घर बाहेर, झाडाच्या बुंध्याशी जमिनीत असतं. सीताफळ, जास्वंद, पेरू, कढीपत्ता यांच्यावर ते चढ-उतार करत असतील तर त्या झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे असं समजा. त्या किडींचा गोड चिकटा त्यांना हवा असतो. लिटरला ५ मिलि निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून पानांच्या खालच्या बाजूला फवारा, भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा. मुंगळ्यांना वेगळं मारायची गरज सहसा उरत नाही. काही घरांत मुंग्यांना साखर-पीठ घालतात. घालायचं तर कुंपणाबाहेर घाला, जोत्याशी घालून आत येऊ नका म्हणण्यात अर्थ नाही.

फटी बुजवण्याचं काम सगळ्यात शेवटी. आमिष चालू असताना तोंड बंद केलं तर मुंग्या दुसरीकडून निघतात आणि पुन्हा पहिल्यापासून शोधाशोध. शहाबादी फरशीच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट ठीक आहे. जोतं आणि भिंत यांच्यामधल्या भेगेला मात्र सिमेंट टिकत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, तिच्याबरोबर जोतं हलतं आणि सिमेंट दरवर्षी सुटतं. तिथे लवचीक पॉलियुरेथेन सीलंट वापरा, आणि तेही मेमध्ये, भेग सर्वांत रुंद असताना. पावसाळ्यात भेग मिटली तर ते दाबलं जातं, फाटत नाही. उलट ऑगस्टमध्ये अरुंद भेगेत भरलेलं उन्हाळ्यात ताणून सुटतं. माळवदाच्या जुन्या घरात पांढऱ्या मातीच्या भिंतीच्या सगळ्या फटी बुजवणं शक्यच नसतं. तिथे धान्य आणि खाऊचे डबे सांभाळणं आणि आमिष, एवढ्यावरच भर द्या.

रांगेचा वास पुसायला व्हिनेगर वापरा असं सर्रास सांगितलं जातं. शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर यांनी तिच्यावर पांढरे चट्टे पडतात आणि ते निघत नाहीत. साबणाचं पाणी पुरतं. हळद, लवंग, कापूर, मीठ यांनी मुंगी फक्त वाट बदलते, वस्तीला काही होत नाही. पाण्याच्या ताटलीत डबा ठेवण्याची जुनी रीत मात्र चांगली आहे. ती फसते तेव्हा पाण्यावर धुळीचा किंवा पिठाचा थर आलेला असतो आणि मुंग्या त्यावरून चालत जातात. पाण्यात लिक्विड साबणाचा एक थेंब टाका आणि दर तीन-चार दिवसांनी पाणी बदला, नाहीतर डासांची पैदास होईल.

काही गोष्टी घरात आणूच नका. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘गमेक्सिन पावडर’ असते. तिच्यातल्या बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे आणि बीएचसीचंच शुद्ध रूप असलेल्या लिंडेनचा वापर २०१३ पासून बंद झाला. शेतासाठी आणलेलं फोरेट आणि नुवान या नावाने ओळखलं जाणारं डायक्लोरव्हॉस, दोन्हींवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी गोठ्यातल्या फळीवर जुना डबा किंवा पुडी सापडते आणि कोणीतरी चिमूटभर ओट्यामागे टाकतं. धान्यात ठेवायच्या गोळ्या मुंग्यांच्या बिळात टाकणं तर जीवघेणं आहे. त्यातून निघणारा वायू माणसाला मारतो, भिंतीपलीकडच्या खोलीत झोपलेल्यालासुद्धा. बोरिक अॅसिड त्या मानाने सौम्य असलं तरी विषच आहे. पीठ, मीठ, सोडा यांच्या शेजारी ते कधी ठेवायचं नाही, आणि मुलाच्या तोंडात गेलं असं वाटलं तर पॅकेट सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा.

मृगाच्या पहिल्या सरींनंतर दिव्याभोवती पंखवाले किडे येतील, तेव्हा दोन उचलून बघा. मुंगी असेल तर कंबर बारीक, मिशा कोपरातून वाकलेल्या आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. कंबर नाही, मिशा सरळ मण्यांच्या माळेसारख्या, चारही पंख सारखे आणि सकाळी फरशीवर गळालेल्या पंखांचा खच पडलेला, तर ती वाळवी. तिला या उत्तरातलं काहीही चालत नाही. ते किडे घराच्या आतूनच, चौकटीतून किंवा भिंतीतून निघालेले असतील, तर परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा. दिव्याकडे बाहेरून उडत आले असतील तर संध्याकाळी अर्धा तास दिवे बंद ठेवले तरी पुरतं.

मुंग्यांसाठीच पेस्ट कंट्रोल बोलवायची वेळ आली, म्हणजे दोन महिने नीट आमिष लावूनही फॅरो मुंगी कमी होत नसेल, तर बोलावताना एक प्रश्न विचारा: मुंग्यांसाठी जेल किंवा आमिष लावणार की फवारणार? ‘सगळीकडे स्प्रे मारून देतो, वासही येत नाही’ असं उत्तर आलं तर दुसऱ्याला विचारा. आणि घर अपार्टमेंटमध्ये असेल तर शेजारच्या, वरच्या आणि खालच्या घरांतही एकाच आठवड्यात आमिष लागलं पाहिजे, कारण फॅरो मुंगी पाइपांतून मजले बदलते.